अस्वल, बिबट्या, वाघ: मराठवाड्याच्या डोंगराकडेला नव्यानं राहायला येणाऱ्यांसाठी

बदली होऊन किनवट-माहूरकडे येणारा शिक्षक असो, ग्रामसेवक असो की बँकेतला कर्मचारी, खोली बघायच्या आधी एक प्रश्न हमखास विचारतो: "इथं वाघ येतो का हो?" अस्वलाचं नाव कोणी काढत नाही. उलट इथंच जन्म काढलेल्यांना विचारा. मोहाची फुलं वेचणारी बाई सांगेल, गुरं चारणारा पोरगा सांगेल, की वाघ एकवेळ आपल्या वाटेनं निघून जाईल, पण अस्वलाशी गाठ नको. हे ते उगाच म्हणत नाहीत. म्हणून रानात पाय ठेवण्याआधी काय माहीत असावं, ते नवख्या माणसासाठी इथं लिहितो आहे.

वाघ जास्त ताकदवान की अस्वल, यावर पोरं तासन्‌तास भांडतात. पायी चालणाऱ्या माणसाच्या उपयोगाचा प्रश्न वेगळा आहे: हे जनावर माणसाच्या अंगावर का येतं? वाघ-बिबट्या बहुतेक वेळा माणसाला आधीच हेरून टाळतात, आणि क्वचित आलेच तर हेरूनच येतात. अस्वल दचकून येतं. या एका फरकावर आपलं वागणं ठरतं, कारण बिबट्यासमोर जे करायचं त्यातलं काही अस्वलासमोर नेमकं उलटं करायचं असतं.

आधी आपल्या शिवारात कोण आहे ते विचारून घ्या

मराठवाड्यात सगळीकडे सगळं नाही. अस्वलं आहेत ती मुख्यतः दोन पट्ट्यांत. एक, नांदेड जिल्ह्यातलं किनवट-माहूरचं सागवानी जंगल आणि पैनगंगेच्या काठचं अभयारण्य. दुसरा, कन्नड-सोयगावकडचे अजिंठ्याचे डोंगर आणि गौताळा अभयारण्य. लातूर-परभणीकडच्या मोकळ्या काळ्या रानात राहायला गेलात तर अस्वलाची चिंता करायचं कारण नाही.

बिबट्याचं तसं नाही. डोंगर, ओढा, ऊस आणि भटकी कुत्री एवढं मिळालं की तो राहतो. बालाघाटच्या रांगा, आष्टी-पाटोद्याचा भाग, धाराशिवकडचे घाट, पैठणकडचा ऊस, कुठंही निघू शकतो. २०२० च्या शेवटी आष्टी तालुक्यात आणि पुढे करमाळ्याकडे एका बिबट्यानं माणसं मारली, तेव्हा कित्येक गावांत लोक संध्याकाळी दार लावून बसत होते. पण असा बिबट्या अपवाद असतो. बाकीचे बिबटे शेजारी राहतात आणि आपल्याला कळतही नाही.

वाघ इथं बहुतेक वाटसरू म्हणून येतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातले तरुण नर जागा शोधत निघतात. २०१९ मध्ये असाच एक, गळ्यात रेडिओ कॉलर लावलेला वाघ तेलंगणातून, हिंगोलीमार्गे, १,३०० किलोमीटरहून जास्त चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. मार्च २०२१ मध्ये गौताळ्याच्या कॅमेऱ्यात वाघ आला, कित्येक दशकांनी पहिल्यांदाच. डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी रामलिंग घाट अभयारण्यात. म्हणजे "आमच्याकडे वाघ नाहीच" असं छातीठोकपणे म्हणायचे दिवस गेले. तरी गावात "वाघ दिसला" अशी हूल उठली की आधी विचारा, पट्टे होते की ठिपके? दहापैकी बऱ्याच वेळा ठिपकेच निघतात, आणि काही वेळा तर ते तरस असतं.

ही विचारपूस करायची दोन माणसांकडे: बीटचा, म्हणजे तुमच्या भागातल्या जंगलाचा, वनरक्षक आणि गावचा गुराखी. वनरक्षकाचा नंबर पहिल्याच आठवड्यात मोबाईलमध्ये घ्या. गुराख्याला मात्र चहा पाजून निवांत विचारा. कोणत्या कपारीत अस्वल पिलं घालतं, कोणत्या नाल्यात दुपारी सावलीला बसतं, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं.

ताकद कोणाची, आणि कशासाठी

पूर्ण वाढलेला वाघ १८० ते २३० किलोचा, वाघीण त्याहून बरीच हलकी. आपल्याकडच्या अस्वलाचा नर ८० ते १४५ किलोच्या आसपास, मादी त्याहून लहान. बिबट्या नर ५० ते ७० किलो. वजनाच्या काट्यावर वाघ कोणालाच हार जात नाही. रानगव्याएवढं धूड तो पाडतो. बिबट्या आपल्याच वजनाचं भक्ष्य तोंडात धरून झाडावर चढवतो. किलोला किलो लावून पाहिलं तर त्याच्याइतका जोर क्वचितच कोणात असेल.

अस्वलाचा जोर वेगळ्या कामासाठी घडला आहे. ते शिकारी नाही. वाळवी, मुंग्या, मध, मोहाची फुलं, बोरं, जांभळं, उंबरं, बहाव्याच्या शेंगा हे त्याचं खाणं. वाळवीसाठी वारूळ फोडावं लागतं, आणि उन्हानं टणक झालेलं वारूळ फोडून बघा म्हणजे त्याच्या खांद्यांचा अंदाज येईल. पुढच्या पंजाची नखं सात-आठ सेंटिमीटर किंवा त्याहून लांब, आणि वाघ-बिबट्यासारखी आत ओढून घेता येत नाहीत. कायम बाहेर, कुदळीसारखी. वरच्या जबड्यातले मधले दोन दात त्याला नसतात. त्या फटीतून ते वाळवी ओढून घेतं आणि त्याचा फुर्र-फुर्र आवाज शांत रानात लांबवर ऐकू येतो. इथंच धोक्याचं मूळ आहे: खाताना तोंड वारुळात, स्वतःचाच आवाज कानात, नजर मुळातच कमजोर. नाक तेवढं तिखट, पण वारा तुमच्याकडून त्याच्याकडे वाहत नसेल तर त्याचाही उपयोग नाही. तुम्ही वीस पावलांवर येईपर्यंत त्याला पत्ताच नसतो. मग एकदम मान वर होते आणि समोर माणूस.

अशा वेळी बिबट्या पळाला असता. अस्वल का पळत नाही? वाघाच्या रानात वाढल्यामुळे, असं अभ्यासक सांगतात, आणि मला ते पटतं. वाघापासून पळून त्याला सुटता येत नाही. झाडावर चढावं तर बिबट्याही झाडावर चढतो. मग एकच मार्ग उरतो: उभं राहायचं, ओरडायचं आणि आधी आपणच तुटून पडायचं. २०१८ मध्ये ताडोबात पाणवठ्यावर पिलाला घेऊन आलेली अस्वलीण आणि मटकासूर नावाचा वाघ यांची झटापट झाली. त्याचा व्हिडिओ देशभर फिरला. वाघानं तिला खाली घेतलं, दाबून धरलं, तरी ती सुटली आणि उलट वाघाच्याच अंगावर गेली. त्यावरून अस्वल वाघाला भारी असं कोणी समजू नये. वाघ अस्वलाला मारतो आणि खातोही. पण एवढ्या किमतीचा घास बहुतेक वाघ टाळतात. जखमी वाघाला शिकार करता येत नाही, आणि शिकार नाही तर तो मेला.

माणूस समोर आला की अस्वल हाच वाघावरचा उपाय माणसावर वापरतं. म्हणून त्याच्या हल्ल्यात जीव जाण्यापेक्षा चेहरा, डोळे, टाळू फाटण्याच्या जखमा जास्त. मारून खायचा त्याचा हेतू नसतो, समोरचं संकट आडवं करून निघून जायचं असतं. किनवटकडच्या गावांत चेहऱ्यावर असे व्रण घेऊन जगणारी माणसं भेटतात. त्यांना न्याहाळत बसू नका. ओळख झाली की तेच सांगतात, आणि जवळपास प्रत्येकाच्या सांगण्यात एक वाक्य असतंच: "दिसलंच नाही, एकदम अंगावर आलं."

एक गोष्ट बजावून सांगतो. मोबाईलवर परदेशातल्या अस्वलांचे व्हिडिओ बघून त्यावरून धडे घेऊ नका. अमेरिकेतली, रशियातली तपकिरी अस्वलं आपल्या अस्वलाच्या कितीतरी पट वजनाची. त्यांचा स्वभाव वेगळा आणि तिथले नियमही वेगळे.

खुणा वाचायला शिका

हे काम एका सकाळी वनरक्षकाबरोबर फिरून जितकं शिकाल तितकं वाचून येणार नाही. तरी नजरेत ठेवायच्या गोष्टी सांगतो.

वाघ-बिबट्याच्या पावलात चार बोटं, मागे रुंद गादी, आणि नखं उमटत नाहीत. नखं उमटली असतील तर बहुधा कुत्रं, लांडगा किंवा तरस. बिबट्याचं पाऊल साधारण सात ते नऊ सेंटिमीटर, मोठ्या वाघाचं बारा-तेराच्या पुढं. अस्वलाच्या पावलात पाच बोटं एका ओळीत आणि बोटांच्या बरंच पुढं नखांची टोचणं. मागचा पाय तर माणसाच्या अनवाणी पायासारखा लांब उमटतो. नवखा माणूस त्याला फसतोच.

सगळ्यांत बोलकं असतं फोडलेलं वारूळ. जवळ जाऊन वाका आणि बघा. वारुळाच्या पायथ्याला हात जाईल एवढं तिरपं भोक, कडांना नखांचे समांतर ओरखडे, बाहेर मातीचा ढीग. ढिगातली माती आतून ओलसर आणि गडद असेल, वाळव्या अजून सैरभैर पळत असतील आणि भोक लिंपायला लागल्या नसतील, तर ते काम पहाटेचं किंवा त्याहून ताजं आहे. तिथून मोठ्यानं बोलत, आलेल्या वाटेनं माघारी फिरा. माती सुकून फिकी पडली असेल, भोकाच्या कडेला कोळ्यानं जाळं धरलं असेल, तर ते जुनं. तरी अस्वलाची ये-जा त्या भागात आहे हे ध्यानात ठेवा.

विष्ठेवरूनही कळतं. अस्वलाच्या विष्ठेत बोराच्या बिया, मोहाचा चोथा, मुंग्यांची टरफलं. बिबट्याच्या विष्ठेत केस आणि हाडांचे तुकडे.

वेळ आणि मोसम

मार्च-एप्रिल हे किनवटकडचे सगळ्यांत जोखमीचे महिने. मोहाची फुलं रात्रीतून, पहाटेतून गळतात आणि माणसं उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. अस्वलही त्याच वेळी, त्याच झाडाखाली, त्याच फुलांसाठी आलेलं असतं. बाई वाकून वेचते आहे, अंधार आहे, पाच-पन्नास पावलांवर झुडपाआड अस्वल चरतं आहे, अशी गाठ पडते. तुम्ही फुलं वेचायला जाणार नाही, पण शाळेतली मुलं आईबरोबर जातात. गुरुजी असाल तर वर्गात एवढं तरी सांगा: एकट्यानं जायचं नाही, नीट उजाडल्यावर जायचं, झाडाजवळ पोचण्याआधी डबा वाजवायचा. फुलं तासभर उशिरा वेचली तरी पदरातच पडतात. पाठोपाठ तेंदूपत्त्याचा हंगाम येतो, तेव्हाही हेच. उन्हाळ्यात पाणी आटलं की पाणवठ्यांवर सगळीच जनावरं गोळा होतात, म्हणून तिन्हीसांजेला नदी-नाल्याकडे फिरायला जाऊ नका.

थंडीत अस्वलीण कपारीत विते. एक किंवा दोन पिलं, आणि ती बाहेर आली की महिनोन्‌महिने आईच्या पाठीवर बसून फिरतात. अशी आई इंचभर मागे हटत नाही. खडकाच्या कपारीत, गुहेत डोकावून बघायची हौस असेल तर ती इथं सोडून द्या.

बिबट्याची वेळ संध्याकाळ ते पहाट. रब्बीत थ्री फेज लाईट रात्रीच मिळाली की शेतकरी गव्हाला पाणी द्यायला एकटा जातो, दारं धरताना, म्हणजे पाटाचं पाणी वळवताना, वाकून बसतो. वाकलेला, बसलेला माणूस बिबट्याच्या डोळ्याला माणूस वाटत नाही, चार पायांचं जनावर वाटतो. दिवसा लाईट द्या ही शेतकऱ्यांची मागणी किती रास्त आहे हे अशा गावात राहिल्यावर कळतं.

चालताना

एकट्यानं जाऊ नका. जावंच लागलं तर बोलत, गात, काठी आपटत जा. काठीला घुंगरू किंवा लहान घंटा बांधली तर फारच चांगलं. कानात इअरफोन घालून रानवाटेला लागू नये. आवाज करण्याचा हेतू जनावराला पळवून लावणं एवढाच नाही, त्याला वेळेवर सावध करणं हा आहे. सावध झालेलं अस्वल बहुतेक वेळा आपण होऊन दूर जातं. वळणावर, दाट झुडपाजवळ, नाल्यात उतरताना आवाज वाढवा. रात्री टॉर्च लागतोच. मोबाईलच्या उजेडानं भागत नाही.

कुत्रा बरोबर नेण्याबद्दल लोकांची दोन मतं आहेत. माझं मत, नेऊ नये. कुत्रा अस्वलावर भुंकत जातो, अस्वल उलटतं आणि कुत्रा पळून मालकाच्याच पायात येतो. बिबट्याला तर कुत्रा हे खाणंच आहे.

समोर आलंच तर

अस्वल दूर असेल आणि त्यानं तुम्हाला पाहिलं नसेल, तर आवाज न करता माघारी फिरा. मुद्दाम ओरडून त्याला उठवायची गरज नाही. त्यानं पाहिलं असेल आणि ते मागच्या पायांवर उभं राहिलं, तर घाबरून पळू नका. बऱ्याचदा ते वास घ्यायला, नीट बघायला उभं राहतं. जागेवर थांबा, हळू आवाजात बोला, त्याच्याकडे तोंड ठेवून एकेक पाऊल मागे या. पळून उपयोग नाही, ते माणसापेक्षा वेगानं पळतं. झाडावर चढूनही उपयोग नाही, ते तुमच्यापेक्षा चांगलं चढतं. पिलू आणि आई यांच्या मधे आलात असं वाटलं तर आईला वाट मोकळी होईल अशा बाजूला सरका.

ते धावून आलंच तर काठी दोघांच्या मधे धरा. कधी कधी ते अर्ध्यात थांबतं. अंगाला भिडलं तर मात्र जमिनीवर पालथे पडा, तोंड मातीत, दोन्ही हातांची बोटं मानेमागे गुंफलेली, कोपरं चेहऱ्याच्या बाजूंना. पाठीवर पिशवी असेल तर राहू द्या. चेहरा आणि मान वाचली पाहिजे, बाकीच्या जखमा भरून येतात. ओरडू नका, हलू नका. ते गेल्यावरही लगेच उठू नका, हालचाल दिसली की ते परत फिरू शकतं.

बिबट्यासमोर हे करायचं नाही. बिबट्यासमोर खाली पडणं, वाकणं, बसणं म्हणजे त्याला सोपं करून देणं. ताठ उभे राहा, हात वर करा, शर्ट किंवा टॉवेल पसरून मोठे दिसा, दरडावून ओरडा. लहान मूल बरोबर असेल तर खाली न वाकता, नजर न काढता उचलून घ्या. पाठ दाखवू नका, हळूहळू मागे सरा. त्यानं झडप घातलीच तर काठी, दगड, हातात येईल त्यानं मारा. विशेषतः तोंडावर मारा आणि आपला गळा सांभाळा. तो खाण्यासाठी आलेला असतो, गप्प पडलात म्हणून सोडणार नाही. वाघाच्या बाबतीतही पाठ न दाखवणं हेच पहिलं. सुंदरबनात लोक डोक्यामागे मुखवटा बांधून जात, त्यामागे हाच विचार होता. वाघ गुरगुरला तर जवळ त्याचं भक्ष्य किंवा पिलं आहेत असं समजा आणि आल्या वाटेनं मागे जा.

बिबट्या विहिरीत पडला, उसात दिसला की सगळं गाव जमतं, पोरं व्हिडिओ काढतात, कोणी दगड मारतं. बिचकलेला बिबट्या मग वाट दिसेल तिकडे सुटतो आणि वाटेत येणाऱ्याला फाडतो. अशा वेळी तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसानं लोकांना मागे हटवणं आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करणं, एवढं केलं तरी मोठं काम झालं. हे तिन्ही प्राणी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांना इजा करणं गुन्हा आहे, आणि जखमी करून सोडलेलं जनावर पुढच्या माणसाला महागात पडतं.

घराभोवती

संडास घरात किंवा अगदी लगत असावा, परसाकडे अंधारात जायची वेळ येऊ नये. खोली भाड्यानं घेताना हे आधी बघा. उकिरडा आणि मटणाच्या दुकानाची घाण जवळ असेल तर कुत्री जमतात, कुत्र्यांमागे बिबट्या येतो. दिवे लागणीनंतर लहान मुलांना अंगणात एकटं सोडू नका. आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, झोपायची वेळ आली तर उघड्यावर जमिनीवर झोपू नये, माचाण किंवा बंद खोली बघावी. शेळ्या-वासरं दार आणि छत असलेल्या गोठ्यात कोंडावीत. नुसत्या काट्याच्या कुंपणावर भिस्त ठेवू नये.

जखम झाली तर

फाटलेली कातडी कापून टाकू नका. टाळू किंवा गालाची कातडी लोंबत असली तरी तशीच जागेवर बसवून स्वच्छ कापडानं दाबून धरा, डॉक्टरांना ती लागते. रक्त धो-धो वाहत नसेल तर जखम वाहत्या पाण्यानं आणि साबणानं पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तंबाखू काही भरू नका. १०८ ला फोन करा, आणि गाडी यायला वेळ लागणार असेल तर मिळेल त्या वाहनानं निघा. अस्वल असो की बिबट्या, रेबीजची लस आणि धनुर्वाताचं इंजेक्शन लागतंच. चेहऱ्यावरच्या, डोक्यावरच्या खोल जखमांत लसीबरोबर जखमेत द्यायचं इम्युनोग्लोब्युलिनही लागतं. लहान दवाखान्यात ते नसेल तर कुठं आहे हे तिथंच विचारून पुढं निघा. लसीचे पुढचे डोस चुकवू नका. जखम भरली म्हणून तिसऱ्या-चौथ्या डोसाला लोक जात नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

नातेवाइकांपैकी एकानं त्याच दिवशी वनरक्षकाला कळवावं. सरकारी मदतीसाठी घटना दोन दिवसांच्या आत वनखात्याला कळवायची असते आणि पंचनामा व्हावा लागतो. गुरं मारली गेली असतील तर पंचनामा होईपर्यंत मढं जागचं हलवू नका, फोटो काढून ठेवा. दवाखान्याची प्रत्येक चिठ्ठी, औषधाचं प्रत्येक बिल एका पिशवीत ठेवा. वनखात्याच्या रेंज ऑफिसात अर्ज देताना पोच घ्या, तारीख आणि शिक्का बघून.